वावर कोणाचे, नाव कोणाचे?

दिवाळीच्या दिवसांत वाचकांपुढे महसूल खात्याचे दप्तर उघडून बसणे काहीसे अरसिकपणाचे आहे, हे मी जाणून आहे. फराळाचे ताट समोर असताना सातबाऱ्याची गोष्ट कोणाला रुचावी? परंतु याच दिवसांत आपल्याकडे वहीची पूजा होते. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून व्यापारी तिला हळदकुंकू वाहतो. तेव्हा दिवाळी आणि हिशेबाची वही यांचे नाते जुनेच म्हणायचे. सरकारचीही अशी एक वही आहे. तिची पूजा कोणी करीत नाही. पण शेतकऱ्याच्या घरी सरकारातून चार पैसे येणार की नाही, हे गेली दीडशे वर्षे त्या वहीतल्या नावावर ठरत आले आहे. आमच्या नागपूर प्रांतातली तिचीच कथा मला आज सांगायची आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. जुन्या मध्यप्रांतात शेतकऱ्याला सरकारकडून मिळणाऱ्या कर्जाला 'तकावी' म्हणत. देशावर तोच शब्द 'तगाई' झाला. मूळ अरबी. ज्या धातूपासून आपली 'कुवत' आली, त्याच धातूपासून ही तकावीही आली. तकावी म्हणजे कुवत देणे, बळ देणे. शेतकरी खचला आहे, त्याच्या अंगात पेरणीपुरते बळ यावे म्हणून द्यावयाचा पैसा, असा त्या शब्दाचा भाव. महसूल खात्याच्या कोशात इतका मायाळू शब्द दुसरा क्वचितच सापडेल.

ही रीत इंग्रजांनी आणली असे नव्हे. मोगलाईत ती होती, मराठी अमलातही होती. ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवायचे असेल, तर पाटलाला तगाई देऊन बी-बैलांची सोय करायची, आणि नव्याने लावलेल्या जमिनीवर 'इस्तावा' द्यायचा, म्हणजे सारा पहिल्या वर्षी अगदी थोडा घ्यायचा व पुढे दरसाल थोडा थोडा चढवीत न्यायचा, असा शिरस्ता होता. त्यात धर्म होता तसा व्यवहारही होता. वावर पडीक राहिले तर सरकारचाच सारा बुडतो, हे राजाला कळत होते. मात्र राजा आणि रयत यांच्यामध्ये एक माणूस उभा असे. तो म्हणजे पाटील. पैसा त्याच्या हातून जाई आणि वसूलही त्याच्याच हातून होई.

नागपूरचे तिसरे रघूजीराजे भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. पुढच्याच वर्षी डलहौसीने हे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत जमाबंदीचे मोठे काम सुरू झाले. त्या कामात एक गोष्ट अशी घडली की तिचे परिणाम नव्वद वर्षे टिकले. आजवर गावाचा सारा गोळा करणारा जो पाटील होता, त्याला सरकारने गावाचा मालक ठरवले. काल जो वसुली कामगार होता तो आज मालगुजार झाला, आणि पिढ्यान् पिढ्या वावर वाहणारे शेतकरी त्याचे कूळ झाले. नांगर जिथे चालत होता तिथेच चालत राहिला. बदलले ते वहीतले नाव.

यापुढे पटवाऱ्याचे महत्त्व वाढले. आमच्याकडे तलाठ्याला अजूनही लोक पटवारीच म्हणतात. त्याच्या बस्त्यात खसरा असे, जमाबंदी असे. कोणत्या शेतात काय पेरले, कोणत्या कुळाकडे किती देणे, सारे त्यात लिहिलेले. सरकारला गाव दिसे ते या बस्त्यातून. बस्त्यात जो नाही तो सरकारच्या लेखी गावात नाही.

१८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, आणि तकावीला नवे कायदे मिळाले. १८८३ सालचा कायदा जमीनसुधारणेच्या कर्जाचा होता: विहीर, तळे, बांध, पडीक जमिनीची मशागत यांसाठी. १८८४ चा कायदा बियाणे, बैल आणि संकटनिवारण यांसाठी. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्याच १८८३ सालचा, हा योगायोग मला नेहमी लक्षणीय वाटतो. सरकार शेतकऱ्याला कर्ज कसे द्यावे याचा कायदा करीत होते, आणि तिकडे पुण्यात एक माणूस त्याच सरकारच्या कचेऱ्यांत शेतकरी कसा नागवला जातो हे लिहीत होता.

कायदे वाईट नव्हते. सरकारी कर्जाचे व्याज पुष्कळ काळ रुपयाला सालीना एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा, असे होते. सावकाराकडे धान्य उसने घेतले तर सवाईने किंवा दिढीने फेडायचे. म्हणजे पेरणीच्या वेळी मण नेला की सुगीला सव्वा मण किंवा दीड मण घालायचा, आणि तेही चारसहा महिन्यांत. या दोन व्याजांची तुलना केली की वाटते, सावकाराच्या दारात कोणी का जावे? पण लोक जात राहिले. याची कारणे तकावीच्या रचनेतच होती.

एक कारण वेळेचे. मृग नक्षत्र कोणासाठी थांबत नाही. अर्ज पटवाऱ्याकडून तहसिलीत, तिथून चौकशीला परत गावात, मग मंजुरी, मग रक्कम घ्यायला पुन्हा तहसिलीच्या ठिकाणी, एवढ्या फेऱ्यांत पेरणी टळून जाई. सावकार मात्र रात्रीही दार उघडी. दुसरे कारण वसुलीचे. तकावी ही साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. पीक बुडाले हे सावकाराला सांगता येई, हप्त्याच्या तारखेला सांगता येत नसे. तिसरे कारण, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने मुख्य, जामिनाचे. ज्याच्या नावावर गहाण ठेवण्याजोगी जमीन नाही त्याला जामीन हवा. गावात जामीन राहण्यासारखी ऐपत कोणाची? मालगुजाराची किंवा सावकाराची, आणि पुष्कळ गावांत ही दोन माणसे एकच होती. सावकाराच्या हातून सुटण्यासाठी काढलेले कर्ज, आणि त्याला जामीन तोच सावकार! बळ देणारा पैसा ज्याला बळ हवे त्याच्या दारावरून पुढे जाई तो असा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर पाठोपाठ कोसळले. १९०० च्या पावसाळ्यात या एका प्रांतात वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर जगत होती. अशा वेळी कर्ज देण्यात अर्थ नव्हता. ज्याचे बैल मेले त्याला बैल द्यायला हवा होता. तेव्हा देशातून आणि विलायतेतून जमलेल्या दुष्काळ धर्मादाय निधीतून शेतकऱ्यांना बी आणि बैलांसाठी पैसे फुकट, परतफेडीची अट न घालता देण्यात आले. सर्वस्व गेलेल्याला पुन्हा उभा करणे, हा त्या निधीच्या चार उद्दिष्टांपैकी शेवटचा उद्देश होता. आज ज्याला आपण अनुदान म्हणतो त्याचा आमच्या भागातला हा एक आरंभ. पण ध्यानात घ्या, तो पैसा लोकवर्गणीचा होता. सरकारची तिजोरी अजून कर्जाच्या भाषेतच बोलत होती.

१९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सावकाराला उत्तर म्हणून गावाने आपली पेढी काढावी ही कल्पना उदात्त होती, आणि मध्यप्रांतात तिचा प्रसार उत्साहाने झाला. पुढे जागतिक मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि पेढ्याही बुडत्या शेतकऱ्याबरोबर गटांगळ्या खाऊ लागल्या. या दिवसांत, १९३३ मध्ये, मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. सावकार आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने कमी करायची, अशी त्याची योजना. हिंदुस्थानात अशा तऱ्हेचा हा पहिला कायदा समजला जातो. पापळ गावच्या शेतकरी घरातून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळात प्रांताच्या मंत्रिमंडळात होते, आणि विदर्भातला शेतकरी या कायद्याचे श्रेय आजही त्यांना देतो.

याच १९३३ सालाशी निगडित अशी साता समुद्रापलीकडची एक हकीकत इथे सांगितली पाहिजे. अमेरिकेचा कापूस आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस यांचे नशीब जुने बांधलेले आहे. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली तेव्हा इथे हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चार वर्षांनी ती थांबली तेव्हा इथले भाव उतरले. मंदीत दोन्हीकडचा कापूस एकदमच मातीमोल झाला. त्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने उपाय काढला तो असा की, शेतकऱ्याने कापसाचा पेरा कमी करावा आणि त्याबद्दल सरकारने त्याला रोख पैसे द्यावे. पहिल्याच वर्षी सुमारे एक कोटी एकर उभी पऱ्हाटी नांगरून टाकण्यात आली.

पैसा खराच आला. पण आला तो जमीनमालकाच्या हातात. दक्षिणेतल्या संस्थानांत जमीन मालकाची आणि श्रम बटाईदाराचे, काळ्याचे किंवा गरीब गोऱ्याचे. मालकाने बटाईदाराला वाटा द्यावा असे कागदावर होते. प्रत्यक्षात पुष्कळांनी तो दिला नाही. इतकेच नव्हे, पेरा कमी झाल्यावर बटाईदाराची गरजही कमी झाली, आणि हजारो कुटुंबे खोपटांतून बाहेर काढली गेली. १९३४ मध्ये अर्कान्सा संस्थानातल्या टायरोंझा या लहानशा गावाजवळ काळे आणि गोरे बटाईदार एकत्र आले आणि त्यांनी आपला संघ काढला. ज्या मुलखात ही दोन माणसे एका बाकावर बसत नसत तिथे ही केवढी गोष्ट! शेतकऱ्याला तारण्यासाठी दिलेला पैसा प्रत्यक्ष शेती करणाराला उठवू शकतो, हा त्या हकीकतीचा धडा आहे. नागपूरहून तो फार दूरचा नाही.

स्वातंत्र्य मिळाले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये सबंध देशाची ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. गोरवाला समितीने १९५४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले, तेव्हा सुशिक्षितांना धक्काच बसला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सरकारने दिलेले फक्त ३ रुपये ३० पैसे, सहकारी पेढ्यांचे ३ रुपये १० पैसे, आणि निरनिराळ्या सावकारांचे मिळून जवळजवळ ७० रुपये! सत्तर वर्षे तकावीचे आणि पन्नास वर्षे सहकाराचे कायदे असून ही स्थिती. समितीने कारणे दिली त्यांत एक असे होते की, जो पैसा जात होता तोही पुष्कळदा योग्य माणसाकडे जात नव्हता.

तोवर आमच्याकडे एक मोठे स्थित्यंतर झाले होते. ३१ मार्च १९५१ ला मध्यप्रदेशातली मालगुजारी संपली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होते. मालगुजारांना मोबदला मिळाला, घरच्या शेतीची जमीन त्यांच्याकडे राहिली, आणि कुळांचा संबंध थेट सरकारशी जोडला गेला. पुढे १९५८ मध्ये विदर्भासाठी वेगळा कूळकायदा झाला आणि साठीच्या दशकाच्या आरंभी, कसेल त्याला जमीन या तत्त्वाने, पुष्कळ कुळे मालक बनली. नव्वद वर्षांपूर्वी वहीतून निसटलेले नाव पुन्हा वहीत आले. माझ्या मते आमच्या भागाच्या शेतीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे दान आहे, आणि ते पैशाचे नव्हते, नावाचे होते.

पण प्रत्येक चांगल्या कायद्याला एक सावली असते. एकदा कुळाला मालकी मिळू शकते हे ठरल्यावर कोणता मालक आपले वावर लेखी करार करून दुसऱ्याला वाहायला देईल? शहरात नोकरीला गेलेला मुलगा, म्हातारी विधवा, दुकानदार, सगळ्यांनी वावर दिले ते तोंडी. मक्त्याने द्यायचे, पैसे आधी घ्यायचे, कागद करायचा नाही. कोणी बटाईने देतो, कोणी ठोक्याने. कायद्याने जुन्या कुळाला वहीत आणले, आणि त्याच कायद्याच्या भीतीने नवे कूळ वहीबाहेर राहिले. आज काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात जा, नाहीतर उमरेड-कुहीकडे जा, मक्त्याने वावर करणारे लोक गावोगाव भेटतील. सातबाऱ्यात त्यांचा मागमूस नसतो.

वाचक विचारतील, सातबाऱ्यात नाव नसले म्हणून एवढे काय बिघडते? पीक तर त्याच्याच घरात येते ना? बिघडते ते असे. सातबाऱ्याशिवाय सोसायटीचे पीककर्ज मिळत नाही. सरकारी केंद्रावर हमीभावाने कापूस विकायचा तर सातबारा लागतो. गारपीट झाली तर नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. नांगरट मक्तेदाराची, बियाणे त्याचे, कर्ज त्याने सावकाराकडून काढलेले. गारा पडल्या त्याच्या पिकावर, आणि भरपाई उतरली नागपुरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. सज्जन मालक ती नेऊन देतो. असे सज्जन आहेत, नाहीत असे नव्हे. पण सरकारची मदत कोणाच्या सज्जनपणावर अवलंबून राहावी, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत तकावीची जागा कर्जमाफीने आणि अनुदानाने घेतली. १९९० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ केली. २००६ मध्ये विदर्भातल्या आत्महत्यांनी देश हादरला तेव्हा पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग इथे आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली: अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा. नागपूर जिल्हा तीत नव्हता. वर्ध्याच्या सीमेवर एका धुऱ्याच्या अलीकडचे वावर योजनेत आणि पलीकडचे बाहेर. पाऊस आणि बोंडअळी मात्र दोन्हीकडे तीच. त्याच योजनेत निम्म्या किमतीत जातिवंत गाई देण्याचा एक भाग होता. त्या गाईला लागणारा चारा आणि पाणी कोरडवाहू कापूसवाल्याकडे कुठले? कित्येकांनी त्या विकून टाकल्या. दान देताना घेणाऱ्याचे घर पाहावे, ही आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानातून गेली.

२००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत संपूर्ण माफी होती ती दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला. पाच एकर ओलिताची जमीन असलेला शेतकरी आणि आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटीचा शेतकरी यांत गरीब कोण, हे विदर्भात शाळकरी पोरही सांगेल. पण वहीला एकर मोजता येतात, विहिरीला पाणी आहे की नाही हे तिला दिसत नाही. पुढे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या खात्यांपैकी पाचांत एकाहून अधिक खात्यांत गफलती निघाल्या. पात्र असलेले काही सुटले होते, अपात्र असलेले काही आत आले होते. आणि ज्यांनी सावकाराकडून कर्ज काढले होते, त्यांचा तर या माफीशी संबंधच नव्हता.

राज्य सरकारची २०१७ सालची कर्जमाफी दीड लाख रुपयांपर्यंतची होती. तिची पहिली प्रमाणपत्रे त्या वर्षी १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत वाटली गेली. दोन लाखांपर्यंतची पुढची कर्जमाफी २१ डिसेंबर २०१९ रोजी आमच्या नागपुरातच, हिवाळी अधिवेशनात जाहीर झाली. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरू लागले, तेव्हापासून डिसेंबर आला की मोर्चे निघतात, सीताबर्डीवर वाहतूक अडते, आणि शहरातला माणूस घड्याळ पाहून कुरकुरतो. मीही पुष्कळदा त्या गर्दीत अडकलो आहे. पण मोर्चात चालणाऱ्या त्या पायांकडे पाहिले की मला वाटते, ही माणसे पैसा मागायला आली आहेत असे आपण म्हणतो. त्यांना खरे तर वहीत आपली नोंद हवी आहे.

शरद जोशींचे म्हणणे याहून तिखट होते. शेतमालाचे भाव धोरणाने पाडून सरकार शेतकऱ्याकडून जे काढून घेते त्यापुढे दिलेले अनुदान चिल्लर आहे, तेव्हा भीक नको, घामाचे दाम द्या, असे ते सांगत. त्यांच्या सर्व अर्थशास्त्राशी कोणी सहमत असो वा नसो, हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा हे त्यांचे सांगणे विसरण्यासारखे नाही.

आता शेवटचा टप्पा. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला सन्मान निधी म्हणून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देते. २०२३ पासून राज्य सरकारने त्यात तितकीच भर घातली. पैसा सरळ बँकेच्या खात्यात जातो. मध्ये पाटील नाही, मालगुजार नाही, जामीन नाही. तकावीचा इतिहास ज्याने पाहिला त्याला ही किती मोठी मजल आहे हे सांगावे लागत नाही. 'सन्मान' हा शब्दही तकावीच्या कुळातला वाटावा असाच आहे. परंतु सन्मान कोणाचा? १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी ज्याच्या नावावर शेतजमीन होती त्याचा. त्यानंतर मालकाच्या मृत्यूमुळे वारसा आला तर गोष्ट निराळी. मक्तेदार आणि बटाईदार यांत येत नाहीत. ओडिशाने त्याच सुमारास आपल्या 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन यांनाही धरले होते. म्हणजे हे अशक्य होते असे नाही.

मागे एकदा जिल्ह्यातल्या एका पटवाऱ्याच्या साझ्यात काही जुने कागद पाहत मी बसलो होतो. एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, पदर कमरेला खोचलेला, हाताला निंदणाची माती तशीच. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, वावर तं मीच करतो. पन नाव अजून सासऱ्याचंच हाय. त्यायले जाऊन बारा वर्स झाले, आन् मालकही गेले. आता सरकारचा पैसा कोनाले येईन?"

पटवारी तरुण होता, बोलायला सौम्य होता. म्हणाला, "ताई, आधी वारस चढवा लागन. फेरफार झाल्याशिवाय काही होत नाई. दिरायच्या सह्या आनता काय?"

बाई काही बोलल्या नाहीत. सह्या कुठे अडल्या असतील हे तिथे बसलेल्या सगळ्यांनाच कळले. "आनतो," एवढे म्हणून त्या गेल्या.

या बाई एकट्या नाहीत. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या शंभर वहिवाटदारांत बायका चौदाच्या आसपास आहेत. आमच्याकडे निंदणापासून कापूसवेचणीपर्यंतची बहुतेक कामे बायकांच्या हातची; पोळ्याला बैलाची पूजा होते, दिवाळीला गाईची होते, पण सातबाऱ्यात घरधनिणीचे नाव शोधावे लागते. शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा, आणि एका गावात शंभर जणांनी केले की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचे. सरकारी अनुदान नाही, कायद्याची सक्ती नाही. तरी अनेक गावांतल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी ते केले. त्यांच्या बायकांना पुढे संकट आले असेल तेव्हा दिरांच्या सह्यांची वाट पाहावी लागली नसेल.

सरकारने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मक्त्याची नोंद मालकाच्या मालकीला धक्का न लावता कशी करता येईल, याचा कायदा विधिमंडळाने करावा. ते काम त्याचे आहे आणि ते फार रेंगाळले आहे. पण दिवाळीला शहरातून गावाकडे जाणाऱ्या मंडळींना करता येण्याजोगे एक काम आहे, ते मला सांगावेसे वाटते. चारही भाऊ, बहिणी, जावा, पोरेबाळे या चार दिवसांत एका छपराखाली असतात. एरवी सह्यांसाठी वर्षानुवर्षे न जमणारी माणसे आपोआप जमलेली असतात. भाऊबीजेच्या दुपारी घरातला सातबारा काढून एकदा सर्वांदेखत वाचावा. आजोबांचे नाव अजून असेल तर वारसाचा अर्ज लिहून सह्या कराव्या. वडील गेले असतील तर आईचे नाव चढले की नाही पाहावे. बहिणीचे नाव गाळले गेले असेल तर ओवाळणीआधी त्याचे बोलणे करावे. आणि आपले वावर जो मक्त्याने करतो, त्याच्याकडे फराळाचा डबा घेऊन जावे आणि यंदाच्या नुकसानीची भरपाई आपल्या खात्यात आली असेल तर ती त्याच डब्याबरोबर त्याच्या हाती द्यावी. सुटी संपली, की अर्ज पटवाऱ्याकडे देऊन त्याची पोच घ्यायला मात्र विसरू नये.